मारबतीच्या पोटात

पोळा तोंडावर आला की नागपूरच्या महाल भागातल्या फुटपाथवर लाकडी बैल येऊन उभे राहतात. मुठीत मावतील एवढ्यापासून ते पाच वर्षांचं पोर ऐटीत वर बसेल एवढ्यापर्यंत. चाकांच्या फळीवर चारही पाय रोवून, शिंगं रंगवून, डोळे वटारून. या दिवसांतल्या ओल्या हवेत त्यांचा रंग लवकर वाळत नाही, म्हणून त्या रस्त्याने गेलं की व्हार्निशचा वास नाकात बसतो तो घरी येईपर्यंत. माझ्या घरात बैल ओढणारं कोणी नाही. लग्न केलं नाही, शाळेत गाणं शिकवता शिकवता निवृत्त झाले, आणि आता एक पेटी व एक मांजर यांच्यासोबत राहते. तरीही दरवर्षी मी तिथे जाते, एखाद्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवते आणि बोटाला लागलेला ओला रंग रुमालाला पुसत पुढे होते. बैलवाला आता मला ओळखतो. "काकू, यंदा तरी नेता का नुसतंच रंगाचं वाटोळं करता?" असं म्हणतो. त्याचं बरोबरच आहे.

नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस पोळ्याहून मोठा. संध्याकाळी मुलांचा तान्हा पोळा भरतो. हे लाकडी बैल सजवून पोरं घरोघर हिंडतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर, गोळा करतात. पण त्याआधी सकाळी मारबत निघते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद चिकटवलेला, रस्ता भरून टाकणारी अक्राळविक्राळ बाई. एक काळी, एक पिवळी, आणि गल्लोगल्लीच्या लहानसहान निराळ्या. अख्खं शहर आपली दुखणीखुपणी तिच्या अंगावर टाकतं. "रोगराई घेऊन जा गे मारबत! खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!" मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. वर्षभराची पीडा गेली असं समजून लोक घरी येऊन जेवतात.

मी जन्मापासून हे बघत आले. पण आता बैल दिसले, तो वास आला, की मला एकच पोळा आठवतो. काही वर्षांपूर्वीचा, तनूचा.

आमच्या वस्तीत तेव्हा मुलांचं एक संगीत नाटक दरवर्षी व्हायचं. बसवायचा सारंग. हा माझा जुना विद्यार्थी, आवाज बेताचा पण डोकं भन्नाट. चाली मी लावायची, पेटीही मीच वाजवायची. तालमी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये होत. श्रावणात लग्नं नसतात, त्यामुळे हॉल फुकट मिळायचा आणि भिंतींना ओल यायची. दमट हवेत माझ्या पेटीचा मधला पंचम अडकायचा. दाबला की उठायचाच नाही, आपला रेंगाळत राहायचा. मुलं त्याला "हट्टी सूर" म्हणायची. आता त्या जागी गाड्या उभ्या करतात. सारंग पुण्याला गेला. हट्टी सूर तेवढा माझ्याकडे आहे.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी सारंग मला म्हणाला, "काकू, यंदा मरणावर नाटक करायचं."

"मुलांचं?"

"मुलांचंच. त्यांच्यातल्या एकीचा बाप वारला आहे, आणि सगळी पोरं तिच्याशी बोलताना चपला काढून देवळात शिरल्यासारखी बोलतात. मला ते बघवत नाही."

ती म्हणजे तनू. आठ वर्षांची, कपाळावर सतत केस, गळा मात्र असा की मी शाळेच्या इतक्या वर्षांत तसे मोजकेच ऐकले. तिचे बाबा हिंगण्याला कंपनीत होते. शिफ्ट सुटली की मोटरसायकलने थेट तालमीच्या हॉलवर यायचे, गाडी दारात लावायचे आणि बाहेरच उभे राहून खोकायचे. त्यांचा खोकला ठरलेला होता. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी घशातली खरखर. मी तालाची माणूस, मला तो तीन तुकड्यांत समेवर येणाऱ्या तिहाईसारखा ऐकू यायचा. तो ऐकला की सारंग म्हणायचा, "तनू, तुझी बेल वाजली," आणि ती अर्धवट गाणं तिथेच टाकून चपला न घालताच पळायची. दिवाळीनंतर कळलं की फुफ्फुसाचं दुखणं आहे, आणि उशीर झाला आहे. संक्रांतीच्या आत ते गेले.

त्यानंतर तनू गायली नव्हती. तालमीला यायची, सतरंजीच्या कडेला बसायची, हातात मंजिऱ्या, म्हणजे छोटे टाळ, धरायची. वाजव म्हटलं की वाजवायची. गा म्हटलं की मान हलवायची. तिच्या आईने, सुषमाने, मला दारातच सांगून ठेवलं होतं, "काकू, तिले गायले लावा बाप्पा कसंही करून. घरात आवाजच नाही तिचा. बोलते तेबी मोजूनमापून." त्या मोसमात मला दुसरं काही साधायचं नव्हतं. नाटक उभं राहो न राहो, या पोरीच्या गळ्यात अडकलेलं काय आहे ते बाहेर यावं एवढंच वाटत होतं.

सारंगने मुलांना गोल बसवून विचारलं, की माणूस मेलं की मोठी माणसं काय म्हणतात. मुलं धडाधड सांगू लागली. गेले. वारले. देवाघरी गेले. चांदणी झाले. आमच्याकडे एक शब्द फार चालतो, "ऑफ झाले," तोही आला. त्यावर सगळ्यात धाकट्या पोराने गंभीरपणे विचारलं, "मग ऑन केव्हा होते?" कोणी हसलं नाही. बंटी नावाचा एक गोलमटोल, तोंडाळ मुलगा होता, तो म्हणाला, "होत नाही ना बे. तेच तर आहे." तनू मंजिऱ्यांची दोरी बोटाला गुंडाळत होती. त्या सगळ्या शब्दांत "मेले" हा शब्द एकाही मुलाने उच्चारला नाही. त्यांना तो कोणी दिलाच नव्हता.

मी त्यांना खाली शिकवली. तालात एक जागा अशी असते जिथे टाळी वाजवायची नसते, हात नुसता हवेत उलटा करायचा. तिला खाली म्हणतात. मात्रा तीच, वेळ तेवढाच, फक्त आवाज नाही. मी खेळ केला. प्रत्येक मुलाला एक मात्रा दिली, आणि ज्या दिवशी जो आला नसेल त्याच्या मात्रेला सगळ्यांनी हात उलटा करायचा. दुसऱ्याने ती भरून टाकायची नाही, घाईघाईने पुढेही जायचं नाही. पोरांना खेळ आवडला. तनू मात्र खालीच्या जागी हटकून मंजिरी वाजवायची. एकदा, दोनदा, रोज. मला वाटलं लक्ष नाही. लक्ष होतं. तिला ती रिकामी जागा सहन होत नव्हती.

पालकांत कुजबूज होतीच. एक आई तर भर तालमीत आली. "मॅडम, हे काय चालून राहिलं? सणासुदीचे दिवस, अन् लेकरायले मरणाचे गाणे? दुसरं काही नाही काय तुमच्याकडे? पक्षी-बिक्षी, झाडं-बिडं?" मी तिला म्हटलं, पक्षीही मरतात. हे मी बोलायला नको होतं. तिने दुसऱ्या दिवसापासून आपली मुलगी पाठवली नाही. आम्ही त्या मुलीच्या मात्रेलाही हात उलटा करू लागलो. ती बिचारी पुढच्या गल्लीत धडधाकट होती.

पण खरं सांगायचं तर त्या आईचा मला राग आला नाही. माझ्या घरातही असंच झालं होतं. मी सात वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ बाळू तापाने गेला. मला शेजारी पाठवलं. शेजारच्या मावशींनी साखर घालून पोळी दिली, वर तूप दिलं, एरवी न मिळणारं. मी खाल्ली. संध्याकाळी घरी आले तर बाळूचं अंथरूण नव्हतं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, देवाला चांगली मुलं आवडतात, म्हणून त्याने बाळूला नेलं. मी ते ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं, की आपण चांगलं व्हायचं नाही. वर्षभर मी घरात हैदोस घातला. लोणच्याच्या बरणीत माती टाकली, वडिलांचा चष्मा पाण्याच्या टाकीत सोडला, शाळेत प्रार्थनेला तोंड मिटून उभी राहिले. मार खाल्ला. भाऊ गेल्यापासून कार्टी बिघडली, असं सगळे म्हणायचे. मी देवाला दिसू नये म्हणून धडपडत होते, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही कारण कोणी विचारलंच नाही.

नाटकात मारबत आणायची कल्पना मुलांचीच. नाटकात एका वस्तीतली पोरं मारबत बनवतात, तिला एकेक नकोशी गोष्ट देतात, आणि मग मारबत त्यांच्याशी बोलू लागते, असं काहीसं ठरत होतं. सारंगने प्रत्येकाला विचारलं, तू काय देशील? मी पेटीवर नुसता ठेका धरला आणि पोरांना ऊत आला. "गणिताच्या मॅडम घेऊन जा गे मारबत!" "सातची शिकवणी घेऊन जा गे मारबत!" "माह्या आत्याचे गालगुच्चे घेऊन जा गे मारबत!" "कारल्याची भाजी!" "डास!" "डेंगू!" हॉल दणाणला. हसून हसून सारंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात बंटी उठला आणि त्याने, दरवर्षी रस्त्यावर ऐकतो तेच, हात उंचावून म्हटलं, "खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!"

तनू जागेवरून उठली ती थेट त्याच्यावर गेली. हातातली मंजिरी तिने त्याच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. मग ती मंजिऱ्या टाकून बाहेर पळाली.

हॉलच्या मागे मांडववाल्यांचे बांबू रचून ठेवलेले असत. ती त्यांच्या आडोशाला बसली होती. मी गुडघे धरत धरत तिच्या शेजारी बसले. माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकून एरवी मुलं हसतात. ती हसली नाही.

"काहून मारलं वं त्याला?"

"त्यानं खोकल्याचं नाव घेतलं."

"मग काय झालं?"

पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. ती खाली बघत म्हणाली, "मीनं घेतलं होतं. मागच्या वर्षी. बाबाच्या खांद्यावर बसून मारबत पाहत होती ना मी, तेव्हा. आईनं म्हटलं, जोरात म्हण, बाबाचा खोकला जाईन. मी सगळ्यायच्यापेक्षा जोरात म्हटलं. बाबा बी हसले."

"हो. मग?"

"मारबतीनं ऐकलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "खोकला बाबाच्या आतच होता ना, काकू. तिनं कसा येगळा काढावा? बाबालेच घेऊन गेली."

असं नसतं गं, वेडी आहेस का, हे सगळं ओठावर आलं आणि सगळं खोटं वाटलं. तिच्या म्हणण्यात चूक कुठे होती? शहरभरातली मोठी माणसं वर्षानुवर्षं तिला सांगत होती, की मारबत ऐकते आणि घेऊन जाते. तिने विश्वास ठेवला होता एवढंच. आठ महिने ती पोर एकटी, मनातल्या मनात, बापाला मारल्याचं ओझं घेऊन दूध पीत होती, शाळेत जात होती, मंजिऱ्या वाजवत होती. मी तिला जवळ घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ होती.

सुषमाला हे सांगणं भाग होतं. ती ऐकत असताना हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली. मग भिंतीला टेकून म्हणाली, "मीच म्हटलं होतं तिले, जोरात म्हण म्हणून. मले वाटलं, बापाची आठवण येते म्हणून गात नसन. हे असं घेऊन बसली, अन् मले पत्ता नाही." थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "तुम्हाले सांगते काकू, रात्र रात्र चालायचा तो खोकला. मी उठायची, विचारायची, पानी देऊ काय? ते म्हणायचे, राहू दे वं, थांबते आता. रोज तेच. मी बी थकली होती. मी बी मनातून मारबतीले म्हटलं होतं, घेऊन जा हे." तिने पदर तोंडात धरला. "आता वाटते, राहिला असता तर काय बिघडलं असतं? आवाज तर होता घरात."

एकाच घरात दोघी एकाच गोष्टीचा गुन्हा आपापल्या उशीखाली ठेवून झोपत होत्या.

ती तनूला नाटकातून काढेल अशी मला भीती होती. सासूबाईंचं तसं म्हणणंही होतं. घरात वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे यंदा सण नव्हता. पोळ्याला पुरण नाही, आणि तनूचा लाकडी बैल फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिला होता. अशा घरची पोरगी मारबतीच्या नाटकात? सुषमाने एक दिवस वेळ मागितला. दुसऱ्या दिवशी तनूला स्वतः घेऊन आली आणि सारंगला म्हणाली, "येऊ द्या तिले. घरी राहून कोणतं बरं वाटून राहिलं?" बंटीने सुजलेल्या ओठाने तनूला सतरंजीवर जागा करून दिली. मुलांचं माफी मागणं-देणं हे असं जागेवरच असतं.

सारंगने हॉलमध्येच मारबत बांधली. कामट्या तासल्या, सुतळीने आवळल्या, वर्तमानपत्रं खळीने चिकटवली. खळीचा आंबूस वास, ओलीचा वास, मुलांच्या घामाचा वास. मारबत दारात मावणार नाही एवढी झाली, तेव्हा कुठे सारंगच्या लक्षात आलं की ती बाहेर न्यायची आहे. मग तिची कंबर कापून दोन तुकडे केले. मुलांनी तिला पिवळा रंग दिला, जीभ बाहेर काढली, कानात प्लास्टिकच्या बांगड्या घातल्या. तनू लांबून बघायची. मारबतीजवळून जावं लागलं तर भिंतीला घासून जायची.

एकदा चिवडा वाटताना तनू दिसेना. बाहेर पाहिलं, बांबूंपाशी पाहिलं. सारंग घाबरून हाका मारू लागला. तेवढ्यात मारबतीच्या पोटातून आवाज आला.

"मी अठी आहो."

मागच्या बाजूला कागद लावायचा राहिला होता, तिथून ती आत शिरली होती. मुलं चिवडा धरून तशीच उभी राहिली.

"काय करून राहिली वं तिथे?" मी विचारलं.

"पाहून राहिली."

"काय आहे आत?"

आत खुडबूड झाली. तिने हात फिरवून पाहिला असावा. "कामट्या आहे. पेपर आहे. गरम होते खूप." मग थोडं थांबून, "बाकी कोणीच नाही, काकू."

"नीट पाहिलं?"

"हाव. वरबी पाहिलं. डोक्यातबी काहीच नाही."

त्या दिवशी तिने जाहीर केलं की मारबत ती होणार. सारंगने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी त्याच बैठकीत मारबतीसाठी दोन ओळी जुळवल्या. "कागदाचं अंग माझं, कामट्यांचे हात, पोटात माझ्या वारा, बाकी कोणी नाही आत." चाल अगदी साधी ठेवली, चार सुरांत फिरणारी, हट्टी सुराला वळसा घालून जाणारी. आणि त्या ओळींनंतर तालाचं एक अख्खं आवर्तन, पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत, मी रिकामं सोडलं. कोणी गायचं नाही, काही वाजवायचं नाही, सगळ्यांनी हात उलटे करून थांबायचं. तनू पोटात बसून गायली. घोगरं, दबकं, पण गायली. मी पेटीवर मान खाली घालून बसले, कारण मुलांसमोर रडायचं नाही असा माझा नियम आहे.

खऱ्या मारबतीच्या दिवशी सुषमाच्या गल्लीतून मिरवणूक जाणार होती, म्हणून तिने सकाळीच तनूला माझ्याकडे आणून सोडलं. लांबून ढोलताशांचा आवाज येत होता. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. मांजर सालांशी खेळत होती.

"आता जाळतीन काय तिले?"

"हो, गावाबाहेर नेऊन."

"त्या मोठ्या मारबतीतबी कोणी नसते ना?"

"नाही. तीही कागदाचीच."

तिने एक शेंग फोडली, दाणे तसेच हातात ठेवले. "मग माह्या बाबाले कोणी नेलं?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मारबतीला निर्दोष सोडलं की चोर दुसरा शोधावा लागतो. तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि त्याखालचं उघडं पडलं होतं. माझ्या तोंडात देवघर आलं, चांदणी आली, सगळे शब्द आले. मी ते गिळले.

"कोणीच नेलं नाही," मी म्हटलं. "बाबा आजारी होते. डॉक्टरांनी औषधं दिली, ती पुरली नाहीत. मग बाबा मेले. तुझ्या ओरडण्याने नाही, आईमुळे नाही. ते मेले."

"अन् आता?"

"आता ते नाहीत."

ती रडली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, असं सुषमाने नंतर सांगितलं. आवाज न करता नाही, चांगली भोकाड पसरून, शेंगांच्या सालांवर लोळून. मी तिला थोपटत बसले आणि बसल्या बसल्या म्हटलं, "माझा एक भाऊ होता, बाळू. तोही मेला." साठ वर्षांची होत आले होते मी, आणि बाळूसाठी तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. मग माझा मुलांसमोरचा नियम मोडला.

नाटक त्यानंतरच्या रविवारी झालं, गणपती बसायच्या आधी. शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, खोलीभर ओल्या छत्र्या. मुलगी काढून नेलेली ती आईही आली होती, मुलीला घेऊन. सुषमा तिसऱ्या रांगेत कडेला बसली, सासूबाई तिच्या शेजारी. दोन तुकड्यांची मारबत रंगमंचावर पुन्हा जोडली, तनू आत शिरली, मागून कागद लावला.

पोरांनी धमाल केली. गणिताच्या मॅडम स्वतः पहिल्या रांगेत होत्या, त्या सगळ्यांत जास्त हसल्या. डास गेले, डेंगू गेला, कारलं गेलं. बंटीची पाळी आली तेव्हा तो नुसता हात जोडून मागे सरला. त्याने खोकल्याची ओळ स्वतःहून सोडली होती. मग सगळे गप्प झाले आणि कागदाच्या पोटातून तनूचा आवाज आला. त्या दिवशी तो घोगरा नव्हता. "कागदाचं अंग माझं, कामट्यांचे हात, पोटात माझ्या वारा, बाकी कोणी नाही आत."

रिकामं आवर्तन सुरू झालं. मी पेटीवरून हात उचलले. मुलांनी तळवे उलटे केले. पाऊस तेवढा ऐकू येत होता.

आणि त्या रिकाम्या जागेत मारबत खोकली.

दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी घशातली खरखर. तालमीत हे नव्हतं. कोणी शिकवलं नव्हतं, कोणाला माहीत नव्हतं. तनूच्या बाबांचा खोकला, जसाच्या तसा, दारात मोटरसायकल लावून उभा असल्यासारखा. सारंगचा हात तोंडावर गेला. लोकांना काही कळलं नाही. कोणाला तरी वाटलं पोरीला ठसका लागला.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता, झोपेत बोलावं तसा, सवयीचा.

"पानी देऊ काय?"

सुषमा उभी राहिली होती. आपण बोललो हे तिला कळलेलं दिसत नव्हतं. सासूबाईंनी तिचा पदर धरला होता, पण तिला खाली ओढत नव्हत्या.

कागद थोडा हलला. आतून तनू म्हणाली, "राहू दे वं. थांबते आता."

माझं आवर्तन कधीच संपून गेलं होतं. मी पुढचा सूर दिला नाही. बंटीने आपणहून शेवटचं गाणं उचललं, बेसूर, आणि एकेक करत बाकीच्यांनी त्याला सांभाळून घेतलं.

तनू आता दहावीला आहे. नाटकात येत नाही, अभ्यास फार असतो म्हणते. शिकवणीला जाताना सायकल थांबवून "काकू, गुडघे कसे आहेत?" विचारते आणि उत्तराची वाट न पाहता निघून जाते. गळा तसाच आहे. सायकलवर गुणगुणत असते, आणि तेवढ्याने मला दिवसभर पुरतं. वर्ष झाल्यावर तिच्या घरचे सण परत आले. कपाटावरचा बैल मात्र ती पुढच्या पोळ्याला खाली काढेपर्यंत तिच्यासाठी लहान झाला होता. तिने तो गल्लीतल्या एका पोराला देऊन टाकला.

मारबतीच्या दिवशी मी अजूनही रस्त्यावर जाते. ती डुलत डुलत येते, लोक ओरडतात, माझाही आवाज त्यात असतो. डास, डेंगू, महागाई, रोगराई, सगळं मी तिच्या अंगावर टाकते. खोकल्याची पाळी आली की गर्दी ओरडते, आणि मी हात उलटा करून उभी राहते.